टाकीत काय घातलंस, पिराजी?

एका गावात एक भोळा ड्रायव्हर होता. त्याचं नाव पिराजी. गाडी चालवण्यात त्याचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. अडचण व्हायची ती गाडी थांबल्यावर.

गाडी सरोजिनीबाईंची. बाई गावच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. यजमान गेले, त्यांची गाडी मागं राहिली. तीस वर्षांची जुनी डिझेल गाडी. रंग एके काळी पांढरा. चढाला कण्हायची, उताराला खुळखुळायची, पण कधी कुणाला वाटेत टाकून आलेली नव्हती. पिराजी रोज सकाळी तिला पुसायचा. तिच्याशी बोलायचा नाही, कारण बाईंनी पुसायला सांगितलं होतं, बोलायला नव्हतं.

पिराजी लहानपणी बाईंच्याच वर्गात होता. चौथीत तर तीन वर्षं होता. तेव्हाच बाई त्याला म्हणाल्या होत्या, "पिराजी, तू आपलं डोकं चालवू नकोस. सांगितलं तेवढं कर." पिराजी आता चाळिशीला आला. त्यानं बाईंचा शब्द एकदाही मोडला नव्हता.

बाईंच्या मुलाचं, शेखरचं, लग्न ठरलं. मुलगी खिंडीपलीकडच्या गावची. सगळं जुळून आलं होतं, पण बाईंच्या जिवाला एकच घोर होता. त्यांचे थोरले भाऊ, अण्णा. शेखरच्या बारशाला अण्णांनी सुचवलेलं 'दिगंबर' हे नाव ठेवलं नाही म्हणून अण्णा रुसले, ते सव्वीस वर्षं बहिणीच्या घराची पायरी चढले नाहीत. या खेपेला बाईंनी हातापाया पडून पत्र लिहिलं. अण्णांचं उत्तर आलं, "येतो. पण काही कमीजास्त झालं तर आल्या पावली परत जाईन."

लग्नाला चार दिवस राहिले. बाई अक्षतांना कुंकू लावत बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "पिराजी, पंपावर जा आणि गाडीत पेट्रोल टाकून आण. टाकी फुल्ल कर."

आता कुणीही असंच म्हणतं. पंपाला पेट्रोल पंप म्हणतात, तसंच. पण पिराजीनं ऐकलं ते पेट्रोल.

पंपवाला म्हणाला, "ही गाडी डिझेलची न्हवं?"

"डिझेलचीच हाय," पिराजी म्हणाला.

"मग डिझेल घालू?"

"पेट्रोल घाल. बाईंनी सांगितलंय."

"अरं, बाईंना एकदा इचारून तरी ये."

"बाईंनी इचारायला न्हाई सांगितलं."

पंपवालाही बाईंचाच विद्यार्थी. बाईंच्या शब्दापुढं त्याचंही काही चालेना. त्यानं गळ्यापर्यंत टाकी भरली.

गाडी पंपावरून नीट निघाली. ओढ्यापर्यंत आली. तिथं तिनं खडखड असा एक आवाज केला, जो तिनं तीस वर्षांत केला नव्हता. मग धूर सोडला आणि उभी राहिली. पिराजीनं बैलजोडी मागून आणली आणि गाडी ओढत घरी नेली.

बशीरभाई मिस्त्री आले. त्यांनी टाकीचं झाकण उघडलं, वास घेतला आणि कपाळाला हात लावला.

"टाकीत काय घातलंस, पिराजी?"

"पेट्रोल."

"डिझेलच्या गाडीत?"

"बाईंनी सांगितलं."

बाई म्हणाल्या, "मी काय सांगितलं?" मग त्यांना आठवलं. मग त्या परत अक्षतांना कुंकू लावायला लागल्या.

बशीरभाईंनी टाकीखालचं बूच काढलं, सगळं पेट्रोल एका पिंपात सोडलं, मग टाकीच काढून अंगणात ठेवली. म्हणाले, "नशीब, इंजिन वाचलं. आता मी बाकीचं साफ करून उद्या येतो. तोवर ही टाकी आतून चांगली धुऊन ठेव. मग डिझेल भरायचं. कळलं?"

"कळलं," पिराजी म्हणाला. पिराजीला सांगितलेलं लगेच कळायचं.

त्यानं टाकी नदीवर नेली. आत रिठ्याचं पाणी घातलं. खळखळवली. पुन्हा घातली, पुन्हा खळखळवली. शेजारी बायका धुणं धूत होत्या, त्यांच्याकडून थोडा साबण घेतला. फेस येईपर्यंत धुतली. टाकी बाहेरून वाळली तशी घरी आणली. दुसऱ्या दिवशी बशीरभाईंनी ती जोडली, पिराजीनं कॅननं डिझेल भरलं. गाडी सुरू झाली. गचके द्यायला लागली. बंद पडली.

बशीरभाईंनी फिल्टर उघडला. फिल्टरमधून पाणी आलं. पाण्यावर फेस होता.

"पिराजी, टाकी कशानं धुतलीस?"

"रिठ्यानं. मग साबणानं."

"अरे, टाकी डिझेलनं धुवायची असते!"

पिराजी विचारात पडला. "डिझेलनं धुतल्यावर मग ते डिझेल कशानं धुवायचं?"

बशीरभाई वीस वर्षं गाड्या दुरुस्त करत होते. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. ते उठून उभे राहिले आणि ओरडले, "पाणी म्हणजे गाडीला विष आहे, विष! गाडीच्या पोटात पाण्याचा एक थेंब राहता कामा नये!"

"एक थेंब पण न्हाई," पिराजी म्हणाला. "कळलं."

बशीरभाईंनी पुन्हा सगळं खोललं, पुन्हा जोडलं. संध्याकाळी गाडी पूर्वीसारखी कण्हायला लागली. बाईंचा जीव भांड्यात पडला. तिसऱ्या दिवशी अण्णा यायचे होते.

"पिराजी," बाई म्हणाल्या, "अकराच्या एस.टी.नं अण्णा तालुक्याच्या स्टँडवर उतरतील. त्यांना घेऊन ये. जपून आण बाबा. सव्वीस वर्षांनी येतोय माझा भाऊ."

निघण्याआधी पिराजीनं गाडी नीट तपासली. बॉनेट उघडलं. रेडिएटरचं झाकण काढून आत पाहिलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. आत पाणी होतं. थेंबभर नव्हे, काठोकाठ.

"बशीरभाईंच्या नजरेतनं ह्ये सुटलं की," तो मनाशी म्हणाला. त्यानं खालची तोटी सोडली. सगळं पाणी अंगणात वाहून गेलं. फडक्यानं झाकण आतून कोरडं केलं. मागच्या सीटवर बाईंनी अण्णांसाठी पाण्याचा तांब्या ठेवला होता. तोही त्यानं तुळशीत ओतला.

अण्णा उतरले. काळी टोपी, पांढरा सदरा, हातात छत्री आणि पिशवी. पिराजीनं पिशवी घेतली, दार उघडलं, अदबीनं बसवलं. अण्णा खूश झाले. दोन मैल गेल्यावर म्हणाले, "ऊन फार आहे. पाणी आहे का रे?"

"न्हाई अण्णा. या गाडीत पाण्याचा थेंब ठेवायचा न्हाई."

"का?"

"इष असतंय."

आणखी एक मैल गेल्यावर बॉनेटमधून करपल्यासारखा वास आला. मग धूर आला. गाडी थांबली. मे महिना, दुपारचे बारा, आणि आजूबाजूला सावली म्हणावी असं फक्त एक बाभळीचं झाड. अण्णांनी छत्री उघडली. म्हणाले, "दिगंबरच्या आईला आता मीच सांगतो, मी चालत आलोय." आणि ते उरलेले दोन मैल चालत निघाले.

थोड्या वेळानं बाईंनी धाडलेले बशीरभाई स्कूटरवरून आले. त्यांनी रेडिएटर पाहिला. रेडिएटर वाळवंटासारखा कोरडा होता. बशीरभाई रस्त्याच्या कडेला दगडावर जाऊन बसले.

"पाणी तूच काढलंस?"

"तुमीच म्हणालात, इष हाय."

"टाकीत विष आहे रे! इथं तेच अमृत आहे!" बशीरभाईंचा आवाज आता रडवेला झाला होता. "नीट ऐक. पुन्हा सांगणार नाही. तापलं की आधी थांबायचं. लगेच हात लावायचा नाही, थोडं निवू द्यायचं. मग हाताला फडकं गुंडाळून वरचं झाकण काढायचं. आणि मग गार पाणी ओतायचं. सावकाश ओतायचं. पण भरपूर."

"थांबायचं. निवू द्यायचं. फडकं. झाकण. गार पाणी. भरपूर," पिराजी म्हणाला. "कळलं."

ओढ्याचं पाणी आणून त्यांनी दोघांनी गाडी निववली. हे सगळं बरोबर झालं. पिराजीला फार समाधान वाटलं.

तो घरी पोचला, तेव्हा ओसरीवर अण्णांचा आवाज घुमत होता. "सव्वीस वर्षांनी आलो! आणि मला भर उन्हात चालवत आणलं! ही माझी किंमत! कुठंय माझी पिशवी? निघालो मी!" बाई पंखा घेऊन वारा घालत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. शेखर एकदा आईकडे बघत होता, एकदा मामाकडे.

पिराजी दारात आला, तशा बाई पुढं झाल्या आणि हळूच म्हणाल्या, "आत्ता पुढं येऊ नकोस. अण्णा फार तापलेत."

"किती येळ झाला?" पिराजीनं विचारलं.

"झाला असेल अर्धा तास."

अर्धा तास पुष्कळ झाला. एवढ्यात थोडं तरी निवलं असेल, असा पिराजीनं हिशेब केला. तो मागच्या दारी गेला. आडाच्या पाण्याच्या दोन बादल्या भरल्या. हाताला फडकं गुंडाळलं. मागून ओसरीवर चढला. अण्णांच्या खुर्चीमागं उभा राहिला. फडक्याच्या हातानं त्यांची टोपी अलगद उचलून बाजूला ठेवली. आणि पहिली बादली ओतली. सावकाश.

अण्णांनी तोंड उघडलं.

पिराजीनं दुसरी बादली ओतली. कारण भरपूर ओतायला सांगितलं होतं.

मग त्यानं टोपी परत घट्ट बसवली.

अण्णांचं तोंड अजून उघडंच होतं. आता त्यातून जे बाहेर येणार होतं, ते बाईंना दिसलं. सव्वीस वर्षांचं सगळं एकदम येणार होतं. बाईंच्या हाताशी पेढ्यांचा डबा होता. त्यांनी एक पेढा उचलला आणि भावाच्या उघड्या तोंडात कोंबला. अण्णांनी काही बोलायचा प्रयत्न केला. बाईंनी दुसरा कोंबला. मग तिसरा.

तोंडात पेढे असताना माणसाला भांडता येत नाही. अण्णा चावत राहिले. चावता चावता त्यांचे डोळे थोडे निवळले. सदऱ्यातून पाणी ठिबकत होतं. शेवटी गिळून ते म्हणाले, "घरचा खवा?"

"घरचा," बाई म्हणाल्या. "तुला आवडतो तसा, अण्णा. केशर कमी, वेलदोडा जास्त."

"आईच्या हाताची चव आहे," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी चौथा पेढा आपण होऊन घेतला. मग बाई रडल्या, मग अण्णाही रडले, आणि तेवढे ओले झाल्यावर सदरा बदलायला आत गेले.

बाईंनी पिराजीला अंगणात गाठलं. पदर खोचून म्हणाल्या, "तापलेल्यावर पाणी ओततात का रे? पुन्हा कधी पाणी ओतलंस तर याद राख! कुणी तापलं ना, तर त्याचं तोंड गोड करायचं. बघितलंस ना, अण्णा कसे शांत झाले?"

"बघितलं बाई."

"काय करायचं?"

"तोंड गोड करायचं. किती?"

"पोटभर!" बाई म्हणाल्या आणि तरातरा आत गेल्या.

"पोटभर," पिराजी म्हणाला. "कळलं."

अण्णांचा राग गेला तो असा गेला, की दुसऱ्या दिवशी त्यांनी घरात सगळा ताबाच घेतला. म्हणाले, "नवरीकडच्यांना दाखवतो बासुंदी म्हणजे काय असते!" सकाळपासून चुलीपुढं उभे राहिले. म्हशीचं दूध आटवलं, चारोळी घातली, पिस्ते घातले, कढईच्या कडेची साय खरवडून खरवडून आत सोडली. कुणालाही हात लावू दिला नाही. दुधाची मोठी किटली भरून बासुंदी झाली. नवऱ्या मुलाला आठवणीनं 'दिगंबर' म्हणूनच हाक मारत होते, पण आता त्यात प्रेम होतं.

लग्नाचा दिवस उजाडला. गाडीला झेंडूच्या माळा लागल्या. पुढं पिराजीशेजारी अण्णा बसले. मागं मुंडावळ्या बांधलेला शेखर आणि बाई. डिकीत बासुंदीची किटली. वऱ्हाडाचा टेंपो बशीरभाईंना आणि वाजंत्रीवाल्यांना घेऊन आधीच पुढं गेला होता. मुहूर्त अकरा वाजून चाळीस मिनिटांचा.

खिंडीचा चढ लागला. गाडी कण्हली. तापमानाचा काटा वर वर सरकला. माथ्याच्या अलीकडच्या वळणावर बॉनेटमधून वाफ निघाली.

"तापली वाटतं," अण्णा म्हणाले. "दहा मिनिटं थांबवू या. वेळ आहे. तू बघ रे, काय करायचं ते." ते तिघं वडाच्या सावलीत जाऊन बसले.

पिराजी गाडीपुढं उभा राहिला. परवाचीच गोष्ट. तापलं की गार पाणी ओतायचं, हे बशीरभाईंचं. तापलेल्यावर पाणी ओततात का, हे बाईंचं. बशीरभाई मिस्त्री होते. पण बाई बाई होत्या.

आता गाडीचं तोंड कोणतं, एवढाच प्रश्न होता. रेडिएटरमध्ये ती नुसतं पाणी पिते. पोटाला लागतं ते सगळं टाकीतून जातं. म्हणजे तोंड ते तेच. पिराजीनं डिकी उघडली. किटली काढली. टाकीचं झाकण फिरवलं, नरसाळं लावलं. पहिल्यांदा थोडी ओतली. गाडी काही बोलली नाही. मग आणखी ओतली. साय अडकली, ती काडीनं आत ढकलली. पोटभर सांगितलं होतं, म्हणून किटली पार उलटी केली. शेवटी टाकीच्या कडेला थोडं लागलं होतं, ते आपल्या उपरण्यानं पुसलं.

वाफ थांबली. काटा खाली आला. पिराजीचा ऊर भरून आला.

"झाली गार?" अण्णांनी येऊन विचारलं.

"झाली. बाईंनी सांगितलं तसं केलं."

"शाब्बास!"

बाईंना त्याचा अर्थ कळला नाही, पण पिराजीचं कुणी कौतुक करतंय म्हणून त्यांनाही बरं वाटलं. गाडी सुरू झाली. कशीबशी माथ्यावर चढली. तिथं तिनं एक मोठी उचकी दिली आणि इंजिन बंद पडलं. पण पुढं सगळा उतारच होता. गाडी आपोआप धावायला लागली.

"वा!" अण्णा म्हणाले. "आवाज म्हणून नाही. लोण्यासारखी चाललीय!"

"पोट भरलंय," पिराजी म्हणाला.

गाडी उतरली ती थेट मांडवाच्या दारात येऊन उभी राहिली. वाजंत्री वाजली. मुहूर्त साधला. अक्षता पडल्या. शेखरच्या गळ्यात हार पडला. बाईंनी डोळे पुसले. अण्णांनी व्याह्यांना मिठी मारली. सगळं इतकं छान झालं, की गाडीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

मग पंगत बसली. दीडशे पानं मांडली. अण्णा मध्ये उभे राहिले. खाकरले. म्हणाले, "मंडळी, जेवायला सुरुवात करू नका! आधी आमच्याकडची बासुंदी! मी स्वतः आटवलीय. पिराजी, किटली आण!"

पिराजीनं किटली आणली. अण्णांनी झाकण उघडलं. ओगराळं आत घातलं. ठण्ण असा आवाज आला.

दीडशे माणसं बघत होती.

"बासुंदी कुठंय?" अण्णांनी विचारलं.

"गाडीत हाय," पिराजी म्हणाला.

"मग घेऊन ये की!"

"गाडीत म्हंजे, टाकीत हाय."

बशीरभाईंच्या हातातला द्रोण खाली पडला. बाईंनी डोळे मिटून घेतले. अण्णांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग गुलाबी, मग पेटला. "माझी बासुंदी!" ते गरजले. "आत्ताच्या आत्ता बाहेर काढ! आत्ताच्या आत्ता!"

पिराजी लगेच गेला. बूच कुठं असतं, ते त्यानं बशीरभाईंना काढताना पाहिलं होतं. त्यानं खाली बादली धरली, बूच काढलं. पिवळसर, जाडसर, साय तरंगणारी अशी भरून बादली निघाली. तो ती घेऊन मांडवात आला. वास त्याच्याही पुढं आला. पहिल्या पानावरच्या म्हाताऱ्यांनी नाकाला उपरणं लावलं.

व्याही घाबरत म्हणाले, "हे काय आहे?"

"बासुंदी," पिराजी म्हणाला. "चारोळी खाली बसलीय. ढवळून वाढतो."

अण्णा तोंड उघडून पिराजीकडे बघत राहिले. टोपीखाली कपाळावर घाम आला होता. कान लाल झाले होते.

"अगं बाई," नवरीची आई हळूच म्हणाली, "मामा फार तापले."

हे पिराजीनं ऐकलं. या वेळी मात्र त्याला क्षणभरही विचार करावा लागला नाही. पाणी ओतायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं बादली नीट ढवळली. ओगराळं काठोकाठ भरलं, वर थोडी साय घेतली, आणि अण्णांच्या समोर जाऊन प्रेमानं म्हणाला,

"अण्णा, आ करा."